१०५ टक्के पाऊस म्हणजे माझ्या वावरात किती?

मांजराकाठ
१६ एप्रिल २०२५, रात्री ९:४०

काल हवामान खात्याचा यंदाच्या पावसाळ्याचा पहिला अंदाज आला. जून ते सप्टेंबर देशात सरासरीच्या १०५ टक्के. आज सकाळपासून पारावर दुसरा विषय नाही. माझं रान लातूर जिल्ह्यात मांजरेच्या अलीकडं, साडेसात एकर, सोयाबीन आणि त्यात तुरीची पाटं. थोरला भाऊ म्हणतो, पाऊस भरपूर आहे तर बियाणं आत्ताच उचलू. धाकटा म्हणतो, २०१६ ला १०६ सांगितला होता, देशात ९७ झाला. त्याच वर्षी एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते दिवस आमच्या घरात कुणी विसरलेलं नाही.

माझं विचारणं एवढंच आहे. मे महिना अजून उजाडायचा आहे आणि सप्टेंबरपर्यंतचा पाऊस आत्ताच कसा कळतो? परवा पाऊस पडंल का हे नीट सांगता येत नाही, तर चार महिन्यांचं कोण कशाच्या भरवशावर सांगतं? आणि हे १०५ माझ्या वावरात किती? इथं या विषयात काम केलेली माणसं आहेत असं ऐकलं, म्हणून धागा काढला.


दर्यावर्दी
१७ एप्रिल २०२५, सकाळी ७:१५

मांजराकाठ, नमस्कार. मी बारा वर्षं समुद्राच्या मॉडेलवर काम केलं, आधी पुण्यात, मग बाहेर. तुमचा मधला प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, तिथूनच सुरुवात करतो.

परवाचा पाऊस सांगायचा तर आज हवा कुठे कशी आहे हे अगदी नेमकं माहीत लागतं, आणि ते नेमकेपण दहा-पंधरा दिवसांत विरून जातं. १९६१ साली एडवर्ड लोरेन्झ यांनी संगणकात ०.५०६१२७ ऐवजी नुसता ०.५०६ भरला. सुरुवातीला दोन्ही गणितं हातात हात घालून चालली, पुढे मात्र त्यांचं हवामान इतकं वेगळं झालं की एकाचा दुसऱ्याशी संबंध उरला नाही. तेव्हा १२ जुलैला औशात पाऊस पडेल का, हे एप्रिलमध्ये कुणालाही सांगता येणार नाही. जो सांगतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

हंगामाचं काम वेगळं आहे. तुमच्याकडे अजून माळवदाची घरं असतील. पत्र्याच्या खोलीतून ऊन गेलं की अर्ध्या तासात ती निवते. माळवदाची भिंत मध्यरात्रीपर्यंत ऊब सोडत राहते. हवा म्हणजे तो पत्रा आणि समुद्र म्हणजे ती भिंत. अख्ख्या वातावरणाला एक अंश तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढीत समुद्राचा फक्त वरचा अडीच-तीन मीटरचा थर एक अंशाने तापतो. आणि समुद्र तर हजारो मीटर खोल. एकदा तापला की महिनोनमहिने तसाच राहतो, आणि वरच्या वाऱ्यांना कुठे वर चढायचं, कुठे खाली बसायचं हे त्याच्यावर बरंचसं ठरतं.

प्रशांत महासागराचंच घ्या. विषुववृत्तावर तिथे वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात आणि गरम पाणी इंडोनेशियाच्या बाजूला रेटून ठेवतात. ते वारे मंदावले की गरम पाण्याची एक लाट पृष्ठभागाच्या खालून पेरूच्या दिशेने निघते. तिला महासागर ओलांडायला दोन-तीन महिने लागतात. वरून काही दिसत नसतं, पण खाली बातमी निघालेली असते. ती किनाऱ्याला पोचली की तिथलं पाणी तापतं, ढगांचं ठाणं इंडोनेशियाकडून मध्य प्रशांताकडे सरकतं, आणि आपल्याकडे हवा वर चढायच्या ऐवजी खाली बसू लागते, म्हणजे पाऊस घटतो. हाच एल निनो. चार महिने आधी काही सांगता येतं ते त्या लाटेच्या संथपणामुळे. उष्ण कटिबंधात हंगामाची सरासरी अशा सावकाश बदलणाऱ्या गोष्टींना बांधलेली असते, ही मांडणी ज्यूल चार्नी आणि जगदीश शुक्ला यांनी १९८१ मध्ये केली. आमचं सगळं शास्त्र तिच्यावर उभं आहे.

तुमच्या वावराचं उत्तर लांब आहे. रात्री लिहितो.


स्वातीनक्षत्र
१७ एप्रिल २०२५, दुपारी ३:०५

मी शाळेत पस्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलं. दर्यावर्दींनी समुद्र सांगितला, मी त्याला थोडा इतिहास जोडते, कारण त्यात पुणं मधोमध आहे.

हवामान खातं १८७५ चं. पाठोपाठ दख्खनचा तो भीषण दुष्काळ पडला आणि सरकारने हेन्री ब्लॅनफर्ड यांना पाऊस आधी सांगता येतो का ते शोधायला लावलं. हिमालयात बर्फ जास्त पडला की पुढचा मान्सून अशक्त होतो, असं त्यांना दिसलं. त्यावरून ४ जून १८८६ ला पहिला नियमित हंगामी अंदाज निघाला. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर आले. केंब्रिजचे गणिती, हवामानाचं शिक्षण नसलेले. पण त्यांनी जगभरच्या ठाण्यांचे आकडे कारकुनांकडून मांडून घेतले आणि प्रशांत महासागराच्या दोन टोकांचा हवेचा दाब तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो हे हुडकलं. त्याचं कारण मात्र त्यांना सापडलं नाही. ते याकोब ब्यर्कनेस यांनी १९६९ मध्ये दाखवलं: पारडी हलवणारा हात समुद्राचा आहे, आणि समुद्राला हलवणारा हात वाऱ्याचा.

शिवाजीनगरला वेधशाळेच्या इमारतीला जुने पुणेकर अजून सिमला ऑफिस म्हणतात, कारण खात्याचं कार्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून तिथे आलं. आणि १९८८ पासून ज्या पद्धतीने अंदाज दिला जाई ती डॉ. वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. सोळा खुणा: कुठलं तापमान, कुठला दाब, कुठला वारा, कुठला बर्फ. त्यांच्यावरून देशाचा एक आकडा. वर्षानुवर्षं देशात पाऊस सामान्य पडला आणि लोकांचा तिच्यावर विश्वास बसला. मग २००२ आलं. सामान्य पाऊस सांगितला होता, जुलैमध्ये सरासरीच्या जेमतेम निम्मा पडला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. ती चूक फार मोठी होती, पण त्यांची पद्धत भोंगळ होती असं मला कधीच वाटलं नाही. जुन्या वर्षांत जे नातं दिसलं ते पुढच्या वर्षी टिकेलच असं निसर्गाने कुणाला लिहून दिलेलं नाही, आणि आकड्यांच्या नात्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही पद्धतीची मर्यादा तीच.


पराटीवाला
१७ एप्रिल २०२५, सायंकाळी ६:३०

यवतमाळ जिल्हा, कोरडवाहू कापूस. ताई, इतिहास चांगला सांगितला, पण मले राग येते तो येतेच. २००२ नंतर पद्धत बदलली म्हणता. मग २००९ ले काय झालं? एप्रिलमध्ये ९६ टक्के, अखेरीस ७८. एवढा कमी पाऊस त्याआधी बहात्तर सालीच पडला असं आमचा बा सांगे. आणि २०१९ ले ९६ सांगितला तर ११० झाला. त्या साली वेचणीच्या वक्ताले बोंडं झाडावरच सडली.

दोन वर्षांमागं मोबाईलच्या एका ॲपवर 'येत्या आठवड्यात दमदार' असं वाचून मी सरकी टोबली. अठरा दिवस थेंब नाही. दुबार पेरणीचं बियाणं उधारीनं आणलं. तुमचा महासागर खरा असंल, पण नुकसान माझ्या वावरात होते. मॉडेल मॉडेल म्हणता तर ते आहे तरी काय, ते तरी सांगा.


दर्यावर्दी
१७ एप्रिल २०२५, रात्री १०:५०

पराटीवाला दादा, तुमचा राग समजतो. २००९ आणि २०१९ हे दोन्ही दाखले बरोबर आहेत. त्यांच्याकडे येतोच. आधी मॉडेल.

पृथ्वीवर जाळं टाकल्याची कल्पना करा. प्रत्येक चौकटीत हवेचं तापमान, दाब, वारा, बाष्प. चौकटींचे थरावर थर, वर कित्येक किलोमीटर. तसंच खाली समुद्रात: तापमान, खारटपणा, प्रवाह. न्यूटनचे नियम आणि उष्णतेचे नियम वापरून संगणक प्रत्येक चौकटीचं पुढच्या काही मिनिटांचं उत्तर काढतो, मग त्याच्या पुढच्या काही मिनिटांचं, असं करत सप्टेंबर गाठतो. यात जुन्या वर्षांचं नातं गृहीत धरलेलं नसतं. गोवारीकरांच्या पद्धतीत आणि यात मूळ फरक हा.

आता समुद्र आणि हवा एकत्र का चालवायची, ते सांगतो. वीसेक वर्षांपूर्वीपर्यंत पुष्कळ ठिकाणी दोन पायऱ्यांनी काम चाले. आधी समुद्राचं तापमान ठरवायचं, मग ते पक्कं धरून हवेचं मॉडेल त्याच्यावर सोडायचं. प्रशांतात हे बऱ्यापैकी जमे, मान्सूनमध्ये साफ फसे. का, ते बंगालच्या उपसागरात दिसतं. तिथे मोठा पाऊस आला की ढग ऊन अडवतात, जोराचा वारा पाणी ढवळतो, समुद्र निवतो. मग पाऊस थांबतो, ऊन पडतं, समुद्र पुन्हा तापतो आणि दोन-तीन आठवड्यांनी पुढच्या पावसाची तयारी होते. म्हणजे तिथे हवा समुद्राला घडवते आणि समुद्र हवेला. तापमान पक्कं धरलेल्या मॉडेलला एवढंच कळतं की पाणी गरम आहे. ते तिथे पाऊस पाडत सुटतं, कारण त्याच्या पावसाने समुद्र निवतच नाही. खऱ्या निसर्गात नेमकं उलटं नातं असतं. बैलजोडीतला एक बैल खुंटीला बांधून दुसऱ्याकडून नांगरून घेतल्यासारखं ते होतं.

म्हणून जोडलेली मॉडेलं. हवेचा भाग ठरावीक वेळाने समुद्राला सांगतो: एवढा वारा, एवढं ऊन, एवढा पाऊस. समुद्र उलट सांगतो: माझा पृष्ठभाग आता इतका. अशी देवाणघेवाण हंगामभर चालू. एल निनोचा अंदाज याच विचाराने पहिल्यांदा १९८६ मध्ये मार्क केन आणि स्टीव्हन झेबियाक यांनी दिला, एका अगदी साध्या जोड-मॉडेलवर. आपल्याकडे २०१२ मध्ये मान्सून मिशन सुरू झालं, आणि पुण्याच्या पाषाणमधल्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने अमेरिकेचं जोड-मॉडेल घेऊन ते मान्सूनसाठी घडवलं. त्याच्या हवेच्या जाळ्याची चौकट साधारण ३८ किलोमीटरची. २०२१ पासून हवामान खातं या मॉडेलबरोबर जगातली इतरही चांगली मॉडेलं एकत्र करून अंदाज देतं.

३८ किलोमीटर हा आकडा लक्षात ठेवा. एका चौकटीत तुमचा अख्खा तालुका मावतो. ढग त्या चौकटीपेक्षा कितीतरी लहान. तेव्हा ढग मॉडेलमध्ये खरोखर बनत नाही, 'इतकी उष्णता आणि इतकं बाष्प असलं तर साधारण इतका पाऊस' असा हिशेब बसवलेला असतो. तिथेच सगळ्यात जास्त चुकतं. या मॉडेलला मध्य भारतावर खऱ्यापेक्षा कमी पाऊस पाडायची सवय आहे. म्हणून त्याला मागच्या वीस-तीस वर्षांचे पावसाळे पुन्हा पाडायला लावतात, ते किती आणि कुठल्या बाजूला चुकतं ते पाहतात, आणि तेवढं वजा-अधिक करून अंदाज देतात.

एक माझ्या हातून झालेली चूक सांगतो. गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी उपसागरात येतं आणि खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखं पसरतं. त्या थरामुळे खालचं गार पाणी सहज वर येत नाही आणि उपसागर ढग पोसायला गरम राहतो. एकदा नद्यांच्या मुखांची माहिती मी चुकीच्या चौकटींना जोडली. गोडं पाणी भलतीकडेच जात होतं. आकडे वरवर ठीक दिसत होते, फक्त उपसागर जरा जास्त गार. ते शोधायला तीन आठवडे गेले. तेव्हापासून खारटपणाचा नकाशा उघडल्याशिवाय मी कुठल्याही मॉडेलच्या पावसाकडे पाहत नाही.

आता २००९. एप्रिलमध्ये एल निनो नव्हता, तो जून-जुलैत उभा राहिला. मार्च ते मे या काळात प्रशांताचा पुढचा कल ओळखणं सगळ्यात अवघड असतं. वारे आणि पाणी तेव्हा एकमेकांना सैल धरून असतात, लहानसा धक्काही कुठेही नेऊ शकतो. नेमकं त्याच महिन्यांत आपल्याला अंदाज हवा असतो, हे आपलं दुर्दैव. २०१९ मध्ये हिंद महासागराने खेळ फिरवला. आफ्रिकेकडची बाजू तापली, सुमात्राकडची निवली. या दोलनाची ओळखच १९९९ मध्ये झाली, साजी, गोस्वामी, विनयचंद्रन आणि यामागाता यांच्या अभ्यासातून. त्या वर्षी जूनमध्ये देशात मोठी तूट होती आणि सप्टेंबर संपताना ११० टक्के.


निळीशाई
१८ एप्रिल २०२५, सकाळी ११:२०

जिल्हा आवृत्तीत बातम्या करते. काल आमच्याकडे मथळा लागला: 'यंदा धो धो पाऊस'. हा धागा वाचून मला तो खटकला. १०५ ± ५ यातलं ± ५, म्हणजे पाच टक्के वर-खाली होण्याची मुभा, आम्ही छापत नाही. ते छापलं तर वाचकाला काय सांगायचं?


रेडिंगकर
१८ एप्रिल २०२५, दुपारी २:४५

मी इंग्लंडात रेडिंगला राहतो. युरोपचं मध्यम पल्ल्याच्या अंदाजाचं केंद्र इथेच आहे, आणि माझं काम अशाच अंदाजांच्या तपासणीचं आहे. निळीशाई, तुम्ही फार चांगला प्रश्न विचारलात.

हंगामी मॉडेल एकदा चालवत नाहीत. आमच्या इथल्या प्रणालीत तोच हंगाम ५१ वेळा चालवतात, दर वेळी सुरुवातीला किंचित फरक करून. लोरेन्झचा तो तीन दशांशांचा धडा इथे मुद्दाम वापरलेला आहे. ५१ पैकी ३० हंगाम ओले निघाले आणि १० कोरडे, तर तो खरा अंदाज. एक आकडा म्हणजे त्या सगळ्यांची सरासरी.

हवामान खात्याच्या परवाच्या पत्रकात ही वाटणी होती. सामान्यापेक्षा जास्त किंवा अतिरिक्त पावसाची शक्यता मिळून ५९ टक्के, सामान्य ३०, सामान्याहून कमी किंवा तुटीची मिळून ११. काहीच माहिती नसती तर पहिल्या गटाला आणि शेवटच्या गटाला प्रत्येकी तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास शक्यता असती. म्हणजे पारडं ओल्या बाजूला चांगलंच झुकलं आहे, पण ११ टक्के म्हणजे नाही नव्हे. असे अंदाज दिलेली पुष्कळ वर्षं घेतली तर सरासरी नऊपैकी एका वर्षी दुसरी बाजू यायलाच हवी, नाहीतर अंदाजच चुकीचा ठरेल.

माझ्या मते मथळा असा हवा: 'चांगल्या पावसाची शक्यता जास्त, कमी पावसाची शक्यता नऊपैकी एक'. लांब आहे, पण खरा आहे.


सातपुडापायथा
३० एप्रिल २०२५, रात्री ८:१०

आज अक्षय्य तृतीया. आमच्या जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळला आज सायंकाळी घटमांडणी झाली, उद्या पहाटे भाकीत सांगतील. लहानपणापासून वडिलांबरोबर जातो. धान्याचे दाणे, घटावरचा पापड, पुरी, सगळं पाहून पावसाचं, पिकांचं सांगतात. हजारो शेतकरी ते ऐकून नियोजन करतात. तुम्ही शास्त्रातली माणसं याला काय म्हणाल? मला वाद घालायचा नाही, खरंच जाणून घ्यायचंय.


स्वातीनक्षत्र
१ मे २०२५, सकाळी ९:००

दादा, तुम्ही प्रामाणिकपणे विचारलंत, तसंच उत्तर देते. पेरणीआधी सगळा परिसर एका वावरात जमतो, पिकांबद्दल बोलतो, याची मला कदर आहे. पण पावसाचं सांगणं वेगळं. ते पारखायला एकच रीत आहे: काय सांगितलं ते आधी लिहून ठेवायचं, काय झालं ते नंतर शेजारी लिहायचं, आणि असं वीस वर्षं करायचं. मॉडेलला ही परीक्षा सक्तीची आहे. दर्यावर्दींनी जुने पावसाळे पुन्हा पाडून घेण्याबद्दल लिहिलं ते हेच. २००२ आणि २००९ चे आकडे पराटीवाल्यांना तोंडपाठ आहेत, कारण अंदाज आणि निकाल दोन्ही छापलेले आहेत. घटाच्या भाकिताचीही अशी वही कुणी ठेवावी आणि मग आपण बोलावं.


मांजराकाठ
२८ मे २०२५, सकाळी ६:३०

सगळ्यांनी मनापासून लिहिलं, धागा गावातल्या चौघांना वाचून दाखवला. आता नवीनच पेच. मान्सून केरळात २४ मेलाच आला, २६ ला मुंबई. आमच्याकडं मे महिन्यात असा पाऊस माझ्या आठवणीत नाही. रानात चिखल आहे. पावशा ओरडतोय, 'पेरते व्हा, पेरते व्हा'. काल अंदाजही १०६ झाला. शेजारच्यांनी तिफण काढली. दर्यावर्दी दादा, चाड्यावर मूठ धरू का?


दर्यावर्दी
२८ मे २०२५, सकाळी ८:०५

नको. हात जोडून सांगतो, थांबा.

१०६ हा चार महिन्यांचा आणि देशाचा आकडा आहे. देशाची सरासरी ८७ सेंटीमीटर, त्यात कोकण आहे, मेघालय आहे आणि राजस्थानही आहे. हवामान खात्याच्या हिशेबात देशाचे ३६ उपविभाग, त्यातला मराठवाडा एक. देश ओला आणि मराठवाडा कोरडा, असं कितीदा तरी झालंय. शिवाय मान्सून लवकर येणं आणि हंगाम चांगला असणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. लवकर आलेला मान्सून पुष्कळदा मध्येच दमतो.

पेरणीसाठी उपयोगाचा अंदाज वेगळा आहे. दर गुरुवारी पुढच्या चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज निघतो, तोही जोड-मॉडेलचाच. उपसागर तापण्या-निवण्याचा जो फेरा मी एप्रिलमध्ये लिहिला, त्याच्यावर तो उभा असतो. पहिले दोन आठवडे बऱ्यापैकी भरवशाचे, पुढचे दोन फक्त कल दाखवतात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तुमच्याकडे जोर कमी दिसतोय. मेचा ओलावा उन्हाने आठ दिवसांत उडतो. कृषी विद्यापीठं म्हणतात तेच करा: ७५ ते १०० मिलिमीटर मान्सूनचा पाऊस आणि जमिनीत वीतभर ओल झाल्याशिवाय बी टाकू नका. तुमचा पावसाळा दोन पावसांच्या मधल्या खंडावर ठरणार आहे, १०६ वर नाही.


पराटीवाला
२८ मे २०२५, दुपारी १:१०

मांजराकाठ भाऊ, माझंही तेच सांगणं. अठरा दिवसांचा खंड मी सोसला हाये. थांब.


मांजराकाठ
२२ जून २०२५, रात्री ९:१५

थांबलो. शेजारच्यांनी मेच्या ओलीवर पेरलं, जूनच्या सुरुवातीला पंधरा दिवस उघडीप बसली, त्यातल्या दोघांचं अर्धं रान उगवलंच नाही. आम्ही १७ तारखेला पेरलं, उगवण चांगली आहे. थोरल्यानं पहिल्यांदाच गुरुवारचा नकाशा माझ्याकडून मागून घेतला.

सांगायचं राहिलं. वडील २००४ पासून दारातल्या पर्जन्यमापकाचा आकडा वहीत लिहायचे. ते गेल्यावर मी लिहितो. एक दिवस चुकला नाही.


रेडिंगकर
२३ जून २०२५, दुपारी १२:३०

मांजराकाठ, ती वही जपून ठेवा. एकाच ठिकाणची, एकाच मापकाची, एकवीस वर्षांची रोजची नोंद फार थोड्या गावांतून मिळते. मॉडेलची चौकट तालुक्याएवढी, तुमचं मापक एका अंगणाचं. या दोघांमधलं अंतर मोजायचं झालं तर अशाच वह्या लागतात.


निळीशाई
२ ऑक्टोबर २०२५, सकाळी १०:४०

हंगामाचे आकडे आले. देशात १०८ टक्के. एप्रिलचा १०५, मेचा १०६, दोन्हींची चूक आधी सांगितलेल्या मर्यादेत. आम्ही या वेळी शक्यतेसकट बातमी केली. पण ती लिहिताना हात जड झाला होता, कारण बाकी सगळं पान मराठवाड्यातल्या पुराचं होतं.

मांजराकाठ, तुमची खबर कळवा. सगळ्यांना काळजी आहे.


मांजराकाठ
४ ऑक्टोबर २०२५, रात्री १०:२०

माणसं, जनावरं सगळी सुखरूप आहेत. रान नाही. सप्टेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात मांजरा दोनदा पात्राबाहेर आली. सोयाबीन काढणीला आलं होतं, शेंगा पाण्याखाली राहून झाडावरच कोंब फुटले. नदीकडच्या दीड एकरातली मातीच गेली, खाली मुरूम उघडा पडलाय. वडिलांच्या वहीत एका रात्रीचा एवढा आकडा कुठंच नाही. तीनदा मोजून लिहिला.

अंदाज बरोबर आला, हे मी गावात सांगू शकत नाही. सांगायला तोंड उघडलं की समोरच्याचं वावर आठवतं. पण जूनमध्ये थांबलो ते चुकलं नाही, हेही खरंच. दादा, असा पाऊस चार महिने आधी कळतो का? खरं काय ते सांगा.


दर्यावर्दी
५ ऑक्टोबर २०२५, पहाटे ५:५०

दोन दिवस तुमच्या खबरेची वाट पाहत होतो.

नाही, कळत नाही. सप्टेंबरात एक कमी दाबाचं क्षेत्र उपसागरातून निघेल, मराठवाड्यावर रेंगाळेल आणि एका रात्रीत एवढं ओतेल, हे एप्रिलमध्ये कुठल्याही मॉडेलला दिसत नाही. चार आठवडे आधी सप्टेंबरअखेर मराठवाडा ओला राहील एवढा कल दिसू शकतो. नदीकाठाला सावध करायचं तर तीन ते पाच दिवसांचा अंदाज, धरणातला विसर्ग आणि नदीची पातळी एकत्र पाहावी लागते. ते मॉडेल वेगळं, आणि तो निरोप गावापर्यंत पोचवायची व्यवस्थाही वेगळी. पाषाणला मागच्या वर्षी सप्टेंबरात 'अर्का' हा महासंगणक आला, या मेमध्ये सहा किलोमीटर चौकटीचं मॉडेल सुरू झालं. नदीच्या खोऱ्याला उपयोगी पडेल असं काम त्यातून होऊ शकतं, आणि ते व्हायलाच हवं. हंगामी आकडा १०८ येवो की ९४, त्याने तुमची शेंग वाचत नाही, हे आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकाने रोज आठवायला हवं.

आणखी एक. जगभर समुद्र तापतोय, तापलेली हवा जास्त बाष्प धरते, दर अंशाला सुमारे सात टक्के. म्हणजे पावसाचे दिवस तेच राहिले तरी ज्या दिवशी पडतो त्या दिवशी जास्त पडतो. वडिलांच्या वहीत हे दिसतं का, मला पाहायचं आहे. तुमची हरकत नसेल तर पानांचे फोटो टाका, मी आणि रेडिंगकर मिळून आकडे भरतो. नाव-गाव कुठेही येणार नाही.


पराटीवाला
५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८:३०

भाऊ, हरभऱ्याचं बियाणं लागंल तर सांग. घरचं आहे, दोन पोती तुझ्यासाठी बाजूले काढून ठेवतो. पैशाचं नंतर पाहू.


मांजराकाठ
५ ऑक्टोबर २०२५, रात्री ९:०५

पराटीवाला दादा, एक पोतं पुरंल. वरच्या पाच एकरांत वाफसा यायला अजून आठ-दहा दिवस लागतील, मग हरभरा टाकतो. खालच्या रानाचा पंचनामा झाला की गाळ ओढायचं बघू.

वही आज उघडली. रविवारी उजेडात फोटो काढतो. २०१५ चं एक पान उंदरानं कुरतडलंय, जुलैचे नऊ दिवस वाचता येत नाहीत. तेवढे रिकामे सोडा, अंदाजानं भरू नका.